वाचून दाखविले, बरोबर आहे

दलित साहित्याच्या भाषेविषयी आपण पुष्कळ भांडलो. बोलीत लिहावे की प्रमाण मराठीत, शिवी छापावी की गाळावी, आईचे बोलणे आईच्याच तोंडचे ठेवावे की ‘सुधारून’ घ्यावे, यावर वर्षानुवर्षे वाद झडले. १९७८ साली ‘बलुतं’ आले, १९८० साली ‘उपरा’ आले, १९८४ साली ‘अक्करमाशी’ आले, १९८६ साली बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले आणि हा वाद आपण जिंकला. आज वस्तीची बोली विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आहे. मी ती महाविद्यालयात शिकवतो, प्रश्नपत्रिकेत तिच्यावर दहा गुणांचा प्रश्न काढतो.

परंतु एक साधा प्रश्न आपल्या समीक्षेने विचारलेला नाही. वस्तीतल्या माणसाचे सर्वाधिक गद्य कुठे लिहिले जाते? मासिकात नाही, प्रकाशकाच्या कचेरीत नाही. ते लिहिले जाते पोलीस ठाण्यात, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर. फिर्याद, जबाब, पुरवणी जबाब, पंचनामा ही त्या गद्याची नावे. आत्मकथन लिहिणारा आपल्यात हजारात एक. जबाब देणारे घरोघरी. आणि या गद्याच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असते: मला वाचून दाखविले, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. त्याखाली सही किंवा अंगठा. माझ्या वडिलांचा अंगठा अशा किती कागदांवर आहे ते त्यांनाही सांगता येणार नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. वाचून दाखविणारा माणूस घरात आला तो माझ्या रूपाने, आणि तोवर बरेचसे कागद होऊन गेले होते.

गेली काही वर्षे कॉलेज सांभाळून मी तालुका विधी सेवा समितीकडे विधी स्वयंसेवक म्हणून काम करतो. सरकारी भाषेत याला पॅरालीगल व्हॉलंटियर म्हणतात. मी वकील नाही, कोर्टात उभा राहून बोलण्याचा मला अधिकार नाही. माणसाला कागदापर्यंत आणि कागदाला योग्य टेबलापर्यंत नेणे, एवढेच माझे काम. मराठीच्या मास्तराने या कामाबद्दल साहित्याच्या त्रैमासिकात का लिहावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे, की हे काम मुळात वाचनाचे आणि लेखनाचे आहे, आणि म्हणून ते समीक्षेच्या कक्षेत येते. शिवाय या कामात माझ्या हातून जी चूक झाली ती कायद्याच्या अज्ञानाने झाली नाही. ती भाषेच्या अहंकाराने झाली.

ती चूक आधी सांगतो.

एका गावातली एक बाई माझ्याकडे आली. वय साठीच्या आसपास. शेताच्या बांधावरून तंटा होता आणि गावातल्या एका माणसाने तिला जातीवरून शिवीगाळ केली होती. ती बोलत होती आणि मी लिहून घेत होतो. ती म्हणाली, “म्या वट्यावर बसले व्हते तांदूळ निवडीत. समोरून रस्ता. दळण घिऊन बाया चालल्या व्हत्या. त्यानं रस्त्यावरूनच आवाज देला.” मग तो काय म्हणाला, ते तिने शब्दन् शब्द सांगितले. ते शब्द सांगताना तिचा आवाज खाली गेला नाही. माझी मानच खाली गेली. रात्री बसून मी तिची तक्रार ‘शुद्ध’ मराठीत लिहिली. मी लिहिले: सदर इसमाने माझ्या घरी येऊन मला जातीवाचक शिवीगाळ केली व जीवे मारण्याची धमकी दिली. सुटसुटीत, सभ्य वाक्य. मला त्या वाक्याचा अभिमान वाटला होता. सकाळी मी ते घाईघाईने वाचून दाखविले, तिने मान डोलावली, अंगठा दिला. त्याच कागदावरून गुन्हा नोंदला गेला.

अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ सालचा. त्याच्या कलम ३ मध्ये जातीवरून अपमान करण्याचा जो गुन्हा सांगितला आहे, त्यात अपमान लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी झाला पाहिजे अशी अट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्वर्णसिंह प्रकरणात या अटीचा अर्थ उलगडला. जागा खाजगी असली तरी चालते. घरापुढचे आवार खाजगीच असते, पण ते बाहेरच्या रस्त्यावरून कोणाला दिसत असेल तर ती लोकांच्या नजरेतली जागा ठरते. २०२० साली हितेश वर्मा प्रकरणात न्यायालयाने दुसरी बाजू ठळक केली: चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही. म्हणजे ओटा आणि घर यांच्यामध्ये जो उंबरा आहे, त्याच्या अलीकडे गुन्हा आहे आणि पलीकडे नाही. बाईने मला ओटा सांगितला होता, रस्ता सांगितला होता, दळणाच्या बायाही सांगितल्या होत्या. कायद्याला जे जे लागते ते सगळे तिने न विचारता दिले होते. मी तिला उचलून घरात नेऊन बसविले आणि दार लावून घेतले.

या कायद्याच्या कलम १८ ने अटकपूर्व जामिनाला मनाई आहे. पण सकृद्दर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर ती मनाई लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पुन्हा स्पष्ट केले. आरोपीच्या वकिलाने नेमके माझे वाक्य वाचले. ‘घरी येऊन’ या दोन शब्दांवर ते थांबले. हजर कोण होते ते नाही, शब्द कोणते उच्चारले ते नाही. जामीन झाला. मी मागच्या बाकावर बसलो होतो. बाहेर आल्यावर बाईने विचारले, “काय म्हणला वकील?” मी सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “म्या तर वट्यावर म्हणले व्हते.”

पुढे तिचा पुरवणी जबाब झाला, दळणाला जाणाऱ्या बायांपैकी दोघींचे जबाब झाले. पण पुरवणी जबाबाला नंतर सुचलेले शहाणपण म्हणता येते, आणि उलटतपासात ते तसेच म्हटले जाणार. खटला अजून चालू आहे. तिचे वाक्य मात्र माझ्यापुरता निकाल देऊन गेले. वर्गात मी बोलीच्या प्रतिष्ठेवर व्याख्याने देत होतो आणि लेखणी हाती येताच तीच बोली मला अशुद्ध वाटली. प्रस्थापित समीक्षकांनी एकेकाळी आमच्या लेखकांशी जे केले, ते मी एका निरक्षर बाईशी केले. तिच्या बाबतीत त्याची किंमत पुस्तकाच्या परीक्षणापेक्षा मोठी होती.

तेव्हापासून मी फिर्यादी आणि जबाब समीक्षकाच्या नजरेने वाचू लागलो. या गद्याची एक ठरीव शब्दकळा आहे. ‘किरकोळ कारणावरून’, ‘जातीवाचक शिवीगाळ’, ‘लाथाबुक्क्यांनी मारहाण’, ‘शाब्दिक बाचाबाची’. हे शब्द लिहिणाऱ्याचा वेळ वाचवितात आणि घटना पुसून टाकतात. ‘किरकोळ कारण’ म्हणजे काय? विहिरीवर पाणी शेंदणे, वरातीत घोड्यावर बसणे, मोबाइलवर बाबासाहेबांचे गाणे वाजविणे, मजुरी रोख मागणे. ज्याच्या लेखी ही कारणे किरकोळ आहेत त्याने जात पाहिलेलीच नाही. कारण जात इथेच, या ‘किरकोळ’ जागीच राहते. आणि ‘शाब्दिक बाचाबाची’ म्हटले की दोन्ही बाजू सारख्या होतात; एकाने शिव्या दिल्या आणि दुसऱ्याने ऐकून घेतल्या, हा फरकच उरत नाही. ‘जातीवाचक शिवीगाळ’ या शब्दाचीही तीच गत. तो निष्कर्ष आहे, हकीकत नाही. प्रत्यक्ष शब्द कोणते, हे कोर्टाला हवे असते आणि सभ्य लिहिणाऱ्याला नको असते. ज्या शिवीचे आपण कवितेत समर्थन केले, ती जिथे पुरावा म्हणून लागते तिथे आपण गाळतो.

खैरलांजी आठवून पाहा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले, सहांना फाशी सुनावली. पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे आरोप टिकले नाहीत. २०१० साली उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली आणि जात त्याही निकालात परतली नाही. साऱ्या महाराष्ट्राला जी जात दिसत होती ती कागदावर सिद्ध झाली नाही. तिथे काय काय चुकले याचा सगळा हिशेब एका लेखात मांडता येणार नाही. पण जात कागदातून गळते हे तर आपण तेव्हा उघड्या डोळ्यांनी पाहिले. त्या काळात अशा गंभीर गुन्ह्यांसाठी, पीडित व्यक्ती त्या जातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा घडला असे दाखवावे लागे. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली, तिथे ‘जात माहीत असताना’ असा शब्दप्रयोग आला. एका शब्दप्रयोगासाठी किती माणसे खर्ची पडली! शब्दांची समीक्षा हे रिकामटेकड्यांचे काम आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ही दुरुस्ती वाचावी.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुळकर्णी आणि कचेरीतले कामगार लिहिण्याच्या हिकमतीने अडाणी शेतकऱ्याला कसे नाडतात याचे तपशीलवार वर्णन केले आहे. सरकारी कागदाची मराठीतली पहिली थोर समीक्षा मी तिलाच म्हणेन. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली महारांच्या सैन्यभरतीसाठी अर्ज सिद्ध केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली त्याच मागणीचे निवेदन भारतमंत्र्यांकडे पाठविले. आपल्या गद्याच्या उगमाशी अर्ज आहे. आणि महाड? २० मार्च १९२७ चे पाणी आपल्याला पाठ आहे. पण त्यानंतर डिसेंबरात कोर्टाचा मनाईहुकूम आला, बाबासाहेबांनी तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब ठेवला, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली आणि तो दावा पुढे १९३७ पर्यंत लढविला. दहा वर्षे वाद एकाच प्रश्नाभोवती फिरत होता: तळे सार्वजनिक की खाजगी, आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट खरोखर अनादी आहे काय. चवदार तळ्यापासून त्या बाईच्या ओट्यापर्यंत प्रश्न तोच आहे. सार्वजनिक जागा कोणती, हे कोण लिहिणार?

आता आपल्या कलाकृतींनी या लिहिण्याकडे कसे पाहिले ते पाहू. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) मला मोलाचा वाटतो, तो नायक देत नाही म्हणून. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर, त्यांच्या गाण्यामुळे एका गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली असा आरोप आहे. त्या कामगाराची विधवा साक्षीला उभी राहते आणि साध्या प्रश्नांना साधी उत्तरे देते. नवऱ्याकडे कसलेही संरक्षक साधन नव्हते हे त्या उत्तरांतूनच बाहेर येते आणि आत्महत्येची रचलेली गोष्ट आपोआप ढासळते. दिग्दर्शकाला वस्तीच्या बोलण्याचे मोल कळले आहे. पण ती बाई त्या पिंजऱ्यापर्यंत कशी आली, तिचा पहिला जबाब कोणी आणि कसा लिहिला, हे चित्रपटाबाहेर राहते. चित्रपटात तिची गोष्ट कोर्टात सुरू होते. आपल्या माणसाचे कोर्ट ठाण्यात सुरू होते.

‘जय भीम’ (२०२१) हा तमिळ चित्रपट आपल्या वस्त्यांतही पुष्कळ पाहिला गेला. १९९३ साली तामिळनाडूत घडलेल्या कोठडीतील मृत्यूच्या प्रकरणावर तो आधारलेला आहे. त्यातले वकील चंद्रू हे खरे गृहस्थ. पुढे ते मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्यांच्या कामाबद्दल मला आदरच आहे. माझा आक्षेप चित्रपटाच्या रचनेवर आहे. त्यात मैत्रा नावाची एक शिक्षिका आहे. ती वस्तीतल्या प्रौढांना अक्षरे शिकविते, नवरा हरवलेल्या सेंगेनीला धीर देते, तिला वकिलापर्यंत नेते. वकील भेटला की कथेला मैत्राची गरज उरत नाही. पडदा नायकाने भरून जातो, आणि आमची पोरे चित्रपट संपल्यावर चंद्रू व्हायचे म्हणतात, मैत्रा व्हायचे कोणी म्हणत नाही. वकिलाची बाजू आधीच्या कागदावर उभी असते. मैत्राने सेंगेनीचे म्हणणे नीट ऐकले नसते तर चंद्रूला युक्तिवादासाठी काय उरले असते? आपल्या आत्मकथनांतही शिक्षक भेटतो, पुढारी भेटतो, साहेब भेटतो. अर्ज लिहून देणारा भेटलाच तर ओझरता भेटतो. त्याला आपण पात्र होऊ दिले नाही, म्हणून त्याच्या जबाबदारीची चर्चाही झाली नाही.

आता या कामाच्या सरकारी बाजूकडे. मोफत कायदेशीर मदतीचे कलम ३९-अ संविधानात १९७६ साली आले. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. अंमल ९ नोव्हेंबर १९९५ पासून. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आपल्या किती वस्त्यांना हे ठाऊक आहे? विधी स्वयंसेवकांची योजना २००९ सालची. कल्पना चांगली. पण स्वयंसेवकाला पगार नाही, कामाच्या दिवसापुरते मानधन आहे, आणि पक्षकाराकडून पैसा घ्यायचा नाही. पैसा घ्यायचा नाही हे योग्यच. पण ज्याचा रोज बुडाला की चूल बुडते, तो वस्तीतला बारावी झालेला मुलगा हे काम किती दिवस करील? मग हे काम माझ्यासारख्या पगारी मास्तराकडे किंवा निवृत्त माणसाकडे येते. म्हणजे वस्तीचे म्हणणे पुन्हा वस्तीतून बाहेर पडलेल्याच्या लेखणीत जाते. माझी चूक केवळ माझी नव्हती. योजनेच्या घडणीतच तिला जागा आहे.

चळवळीतले मित्र आणखी एक आक्षेप घेतात. ते म्हणतात, १९७२ नंतर पँथर ठाण्यावर मोर्चा नेत होता. आता तुम्ही गळ्यात ओळखपत्र अडकवून एकटे जाता. हे माणसाळणे नव्हे काय? आक्षेप खोटा नाही. ओळखपत्र देणारी समिती न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली चालते. तिथे घोषणा देता येत नाहीत. पण मोर्चाने गुन्हा नोंदला जातो. नोंदलेल्या गुन्ह्यात काय लिहिले आहे ते मोर्चाला दिसत नाही. मोर्चा परततो आणि कागद उरतो. महाडने आपल्याला तळेही शिकविले आणि दावाही. कायद्यानेही इथे दार उघडे ठेवले आहे: कलम १५-अ मध्ये पीडितांना सामाजिक कार्यकर्त्यांचे आणि संस्थांचे साहाय्य घेण्याचा हक्क मान्य केलेला आहे. तेव्हा कार्यकर्त्याने कागद वाचायला शिकावे आणि स्वयंसेवकाने कार्यकर्ता असल्याचे विसरू नये, एवढेच म्हणता येईल.

या कायद्यातली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी तरतूद कलम ४ मध्ये आहे आणि ती वाचण्याविषयीची आहे. तोंडी दिलेली माहिती अधिकाऱ्याने लिहून घेतल्यावर, सही घेण्यापूर्वी, ती माहिती देणाऱ्याला वाचून दाखविणे हे त्याचे कर्तव्य आहे. नक्कल लगेच देणे हेही कर्तव्य आहे. सरकारी सेवकाने, तो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर, हे कर्तव्य जाणूनबुजून टाळले तर सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे. मात्र त्यासाठी आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते, आणि ती सहसा लागत नाही. सर्वसाधारण फौजदारी कायद्यातही वाचून दाखविण्याचा नियम जुना आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. म्हणजे ‘वाचून दाखविले, बरोबर आहे’ हे वाक्य सजावटीचे नाही. ते हक्काचे वाक्य आहे. आपण ते छापील मजकुरासारखे होऊ दिले.

आता मी असे करतो. माणूस बोलत असताना लिहीत नाही. एकदा सगळे ऐकून घेतो. दुसऱ्यांदा ऐकताना त्याच्याच शब्दांत लिहितो, ‘वट्यावर’ला ‘वट्यावर’च ठेवतो. शिवी जशी दिली तशी अवतरणात येते. कोण कुठे उभे होते, रस्ता किती पावलांवर, कोणी पाहिले, बोलणाऱ्याला हिची जात कशी ठाऊक, हे विचारतो. ‘किरकोळ’ हा शब्द मी माझ्या वहीतून काढून टाकला आहे. आणि वस्तीतल्या दोन मुलींना, एक पदवीच्या वर्गातली आणि एक आशा सेविका, हे काम शिकवीत आहे. लिहिण्याआधी मी त्यांना वाचून दाखवायला शिकवतो. हळू वाचायचे, प्रत्येक वाक्यानंतर थांबायचे आणि विचारायचे: असंच म्हणलात का तुम्ही?

मागच्या महिन्यात त्यातली एक मुलगी एका म्हातारीला तिचा अर्ज वाचून दाखवीत होती. चौथ्या वाक्याला म्हातारीने हात वर केला. “थांब बाई. सांजच्याला न्हाई, दिवस मावळायच्या आधी. उजेड व्हता. समद्यांनी पाह्यलं.” मुलीने ते वाक्य खोडले आणि म्हातारीचे लिहिले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.